कोपीतला कोयता

दसरा झाला की उमापूरकडच्या टोळ्यांची ऊसतोडीला निघायची गडबड सुरू होते. आमच्या बीड जिल्ह्यात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. काही वर्षांपूर्वी ऐन त्या दिवसांत एक तिशीतला गडी बायकोसोबत माझ्या दवाखान्यात आला. (ओळख लागू नये एवढे तपशील बदलले आहेत.) उचलीचे पैसे घरावरच्या पत्र्यांत गेलेले, आणि हा म्हणतो, यंदा जायचं नाही. गावानं त्याला आळशी ठरवलं होतं. बाहेरचं काही आहे का, तेही घरच्यांनी पाहून घेतलं होतं.

बायको बाहेर गेल्यावर तो बोलला. गेल्या हंगामात पहाटे कोपीतून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, निघताना झोपलेल्या पोरीकडे नजर गेली आणि मनात आलं, हा कोयता हिच्या मानेवर चालवला तर? त्या दिवसापासून कोयता शेजाऱ्याच्या आढ्याला आणि पोरीला जवळ घेणं बंद. विचार आला की देवाचं नाव एकवीस वेळा. मध्ये चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. रात्री बायकोला उठवून एकच प्रश्न, “मी काही केलं नाही ना?” ती दहादा सांगायची, “नाही वो, झोपा.”

हा ओसीडी. मराठीत मंत्रचळ. हा शब्द ऐकला की आपल्याला सतत हात धुणारी माणसं आठवतात. टँकरच्या गावात तो प्रकार लवकर उघडा पडतो, कारण ड्रम रिकामा होतो आणि घरात भांडण पेटतं. मनातल्या मनात चालणारा मात्र वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजारी सुमारे आठ प्रौढांना ओसीडी आढळला. लाजेपोटी न बोलणारे त्यात किती आले असतील, याची मला शंकाच आहे.

तसे विचित्र विचार सगळ्यांनाच येतात. राखमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्येच दाखवलं की निरोगी माणसांच्या मनातही असलेच विचार डोकावतात. आपण ते झटकून पुढे जातो. या गड्याला त्यात स्वतःचा गुन्हा दिसला. राग, दारू, भास यांची नीट चौकशी केली. काही नव्हतं. होता तो पोरीवरचा जीव, आणि नेमका तोच आजारानं धरला होता.

“नाही वो” ऐकलं की घडीभर बरं वाटतं. खोट तिथंच आहे. त्या घडीभरात मेंदू शिकतो की विचारल्याशिवाय सुटका नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही रुग्णांना “काही होणार नाही” असं किती वेळा सांगितलं असेल! आजाराला खुराकच घालत होतो.

फ्लुओक्सेटिन सुरू केलं. या आजारात डोस बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण कळायला दहा-बारा आठवडे जातात. बरेच जण पंधरा दिवसांतच गोळी सोडतात. जोडीला वर्तनोपचार: भीतीसमोर उभं राहायचं आणि सुटकेची क्रिया करायची नाही. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ही वाट दाखवली. आधी तो विचार वहीत लिहायला लावला. मग मोठ्यानं वाचायला. तिसऱ्या खेपेला पोत्यात गुंडाळलेला कोयता माझ्या टेबलावर आला. पोतं सोडलं तेव्हा, शंभरात भीती किती? म्हणाला, नव्वद. जप करायचा नाही. आम्ही दोघं कोयत्याकडे बघत बसलो. पाऊण तासानं साठ. पुढे घरी, पोर शेजारी जेवत असताना, कोयता मांडीवर.

सगळ्यात अवघड काम बायकोचं होतं. रात्रीच्या प्रश्नाला तिनं फक्त “माहीत नाही” म्हणायचं. “डॉक्टरसाहेब, माणसाला रडवायचं का?” तिनं विचारलं. तो रडला, चिडलाही. आठवडाभर दोघांना झोप नव्हती.

तो हंगाम बुडालाच. मुकादमानं उचल पुढच्या वर्षावर ओढली. पुढच्या दिवाळीनंतर ते गेले आणि महिनाभरानं कारखान्यावरून त्याचा फोन आला. विचार अधूनमधून येतो म्हणाला, पण तोड चालू आहे. मग जरा थांबून, “हे परत वाढणार तर नाही ना, साहेब?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. मागे त्याची बायको हसल्याचं ऐकू आलं.