गच्चीवरचं ऊन

आज सकाळी गच्चीवरचे सौर पॅनेल धुतले. धूळ साचली की वीज घटते, मीटर लगेच सांगतो.

तीन किलोवॅटच्या सौर संचाचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतलं ७८,००० रुपयांचं अनुदान नंतर खात्यात येतं. आधी पैसे आपणच उभे करायचे. कर्जाची सोय आहे, तरी हातावर पोट असलेल्या घराला हे जड जातं, याची खंत वाटते.

बचतीचं मर्म टप्प्यांच्या दरात आहे. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढे दर एकदम चढतो, आणि सौर वीज आधी ते वरचे महागडे युनिटच कमी करते. म्हणून जास्त वापराच्या घरात पैसे लवकर वसूल होतात. किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. आषाढात बरेच कमी. स्थिर आकार मात्र सुटत नाही.

बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर भर दुपारीही पंखा थांबतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. मला ही तरतूद मनापासून पटते.

धाकट्या भावाला उद्या फोन करायचाय: पॅनेल बसवण्याआधी वर्षभराची बिलं काढ, आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरात कुठवर येते ते बघ.