टोचणारी लोकर

मैत्रिणींनो, विणायला काही घ्यायचं म्हटलं की आपण दुकानात गोळा गालाला लावून पाहतो. मऊ लागला तरच घेतो. तान्ह्या बाळाच्या स्वेटरसाठी ते योग्यच आहे. पण जी टोचते ती लोकर टाकाऊ, असंही आपण नकळत ठरवून टाकलं आहे. आज मला त्या टोचणाऱ्या लोकरीबद्दलच चार शब्द सांगायचे आहेत.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. घर सांभाळून आठवड्यातले तीन दिवस शाळेत मुलींना विणकाम शिकवते. आमच्याकडची मेंढी दख्खनी, माळावर मैलोन् मैल चालणारी. तिची लोकर आखूड, जाड नि केसाळ. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी 30 मायक्रॉनच्या पुढे गेली की तंतू कातडीवर वाकत नाही, टोचतो. दख्खनी लोकरीत असे तंतू पुष्कळ. म्हणून तिची घोंगडी होते, अंगालगतचा स्वेटर होत नाही. हा तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे. वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल शोषूनही लोकर ओली लागत नाही, हा गुण मात्र तिच्यातही पुरेपूर आहे.

माझ्या वर्गात धनगराची एक मुलगी आहे. दिवाळीनंतर आईवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि ही शाळेसाठी आजीजवळ राहते. विणकामाच्या तासाला साऱ्या मुलींनी रंगीत गोळे काढले. हिने आजीने कातलेल्या काळ्या लोकरीची लडी आणली होती, पण ती दप्तरातच ठेवली. शेजारची म्हणाली, "बाई, हिच्या दप्तराला मेंढराचा वास येतो." मी ती लडी मागून घेतली आणि सगळ्या वर्गासमोर तिचेच टाके घातले. सासूबाईंना गार फरशीवर बसवत नाही, म्हणून आसन विणायचं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "गोणपाट विणायला घेतलंस की काय?"

कृती सोपी आहे. लडी रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. दाबून पाणी काढा आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत टांगा, म्हणजे पीळ बसतो. सूत एकपदरी असतं, म्हणून दोन पदर एकत्र घेऊन 10 मिलिमीटरच्या जाड सुयांवर विणा. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण घातलीत तर एकेरी पिळामुळे विणकाम तिरकं जातं. सगळ्या ओळी सुलट विणल्या की सरळ राहतं. 10 टाके 4 इंच भरले, तर 18 इंची आसनाला 45 टाके घाला. सूत संपलं तर गाठ नको. चार-पाच टाके जुनं-नवं सूत मिळून विणा. लोकर खरखरीत असल्याने जोड सुटत नाही.

पुढच्या लडीसाठी मी त्या आजीकडे गेले. ती म्हणाली, "कोन घेतंय बाई ही लोकर आता? कातरायची मजुरीबी निघत न्हाई. बांधाला टाकून देत्यात. म्या आपली सवयीनं कातते." किती द्यायचे विचारलं, तर म्हणाली, "द्या काय द्यायचं ते."

खरं सांगा, हे वाक्य ऐकलं की आपण मनातून खूश होतो ना? दुकानात छापील किंमत निमूट मोजतो आणि कातणारीपुढे घासाघीस करतो. आपल्या घरकामाला कुणी मोल देत नाही म्हणून आपल्यालाच वाईट वाटतं. मग दुसरीच्या हातांचं मोल करायची वेळ आल्यावर आपण का विसरतो? एका आसनाचं सूत कातायला आजीला तीन दिवस लागले होते. मी तीन दिवसांच्या खुरपणीची मजुरी धरली, लोकरीचे पैसे वेगळे दिले. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "बाई, जास्त झाले." मी म्हटलं, "हिशेबानेच आहेत."

आता तासाला ती मुलगी लडी बाकावर ठेवते. वास येतो म्हणणारीलाही तसलंच आसन हवं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, हाताने कातलेली लोकर कुणी विकायला बसलेली दिसली, तर भाव करण्याआधी एवढंच विचारा, "कातायला किती दिवस लागले?"