पंधरा दिवसांसाठी येऊ नकोस

चि. छोटी,


इंटर्नशिप संपली की पंधरा दिवस मलावीत येऊन ‘काहीतरी चांगलं काम’ करायचं म्हणतेस. आई-बाबा तयार आहेत, आता मावशीचा होकार तेवढा हवाय. त्याआधी इथला दिवस कसा जातो ते वाच.

सध्या पावसाळा आहे. जानेवारी-फेब्रुवारी हे इथले ओढगस्तीचे महिने. गेल्या सालचा मका संपत आलेला, नवा एप्रिलच्या आसपास हाती येणार, आणि डासही नेमके आत्ताच माजलेले. भूक आणि हिवताप जोडीनं येतात, म्हणून बाळांच्या दवाखान्यात गर्दी होते ती याच दिवसांत.

सकाळी उठलं की पहिलं काम लसींच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहिण्याचं. ते दोन ते आठ अंशांतच हवं. मग हापशीवरून पाणी आणायचं, उकळायचं, टेबलं पुसायची. तोवर आया अंगणात जमतात. बाळं पाठीशी ‘चितेंजे’त, म्हणजे रंगीत सुती कापडात, बांधलेली. आरोग्यसेवक सायकलवरून येतो. आपल्या आशाताईंसारखंच त्याचं काम, पण तो पगारी सरकारी नोकर. आल्या आल्या तो गाणं धरतो आणि बायका टाळ्यांच्या ठेक्यावर त्याला साथ देतात. हात कधी धुवायचे, मक्याच्या पेजेत शेंगदाण्याचं कूट का घालायचं, सगळं त्या गाण्यात येतं.

मग वजनं. तुळईला ताणकाटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. मूल तीत घातलं की हातपाय झाडून आकांत मांडतं आणि काटा काही थांबत नाही. सहा महिन्यांवरच्या मुलांच्या दंडाला फीत लावतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरायचा. खळगा राहिला तर सूज आहे, मग फीत हिरवी दाखवली तरी मूल धोक्यातच.

परवा एक आजी नातवाला घेऊन आली. फीत लाल. अशा मुलाला भूक आहे का, ते आधी बघावं लागतं. शेंगदाणे, दूध पावडर, तेल आणि साखरेच्या पेस्टचं पाकीट फोडून दिलं. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 कॅलरी असतात. पोरानं तोंड फिरवलं. खाल्लं नसतं तर थेट जिल्हा रुग्णालयात धाडावं लागलं असतं. आजी घाई न करता बसली, बोटावर थोडं घेऊन त्याच्या ओठांना लावत राहिली. बऱ्याच वेळानं तो बोट चोखू लागला. आठवड्याची पाकिटं घेऊन दोघं घरी गेली. अशा मुलांवर घरीच उपचार करता येतात, हे या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर मार्क मॅनरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच देशात काम करून दाखवलं. त्याआधी आयांना वॉर्डात आठवडेच्या आठवडे अडकून पडावं लागे.

संध्याकाळी नोंदवह्या. कोण आलं, कोण यायचं राहिलं. प्रत्येक बाळाची आरोग्यपुस्तिका आईजवळच असते, पण गळालेली मुलं शोधायला आमची वही लागते. सकाळी आरोग्यसेवक ती नावं घेऊन सायकलवर निघतो.

आता यात तू कुठे बसशील, सांग. वजन करायला शिकशील दोन दिवसांत. पण आई ‘मूल बरं आहे’ म्हणताना नजर का चुकवते, हे कळायला इथली भाषा, चिचेवा, यायला हवी आणि तिनं तुला चार वेळा तरी पाहिलेलं हवं. हिवतापाच्या लसीचा पथदर्शी कार्यक्रम 2019 च्या एप्रिलमध्ये जगात सर्वांत आधी मलावीत सुरू झाला, तो इथल्याच आरोग्यसेवकांच्या जिवावर. आपल्याकडे डॉक्टर बंग दांपत्यानं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळं वाचतात ती तिथंच राहणाऱ्या माणसांमुळे. आपण फार तर त्यांच्या हाताखाली काम करावं, आणि तेही नेमानं. दर पंधरवड्याला नवा पाहुणा आला तर त्याला शिकवण्यात त्यांचाच वेळ जातो.

म्हणून पंधरा दिवसांसाठी येऊ नकोस. तेवढेच दिवस हाताशी असतील तर तिकिटाचे पैसे आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या बालउपचार केंद्राला दे. सहा महिने काढू शकत असशील तर पुढच्या जानेवारीत जरूर ये आणि मका घरात आल्यावरही राहा. चिचेवा शिकायला मात्र आजच लाग.

तुझी,
मावशी