खुराडे बांधण्याआधी घरात विचारा



उसाचा आणि दुधाचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या पदराच्या गाठीला राहतो. मुलांच्या वह्या, एसटीचे तिकीट त्यातूनच निघते. खुराडे मात्र बांधतो कारभारी, आणि तेही तिला न विचारता! नोकरीनिमित्त खेडोपाडी फिरताना अशी खुराडी मी पुष्कळ पाहिली. गुडघाभर उंची, हातभर दार. झाडायचे तर बाईने ओणवे होऊन आत शिरायचे. मग झाडणे राहते, तूस ओले होते, नाकाला झोंबणारा वास सुटतो आणि कोंबड्या आजारी पडतात.

म्हणून माप तिच्या हाताचे घ्या. दहा गावरान कोंबड्यांना वीस-एकवीस चौरस फूट जागा पुरे. लांबी 7 फूट आणि रुंदी 3 फूट ठेवा, म्हणजे बाहेर उभे राहून पलीकडच्या भिंतीपर्यंत हात पोचतो. तळ जमिनीपासून 2 फूट उंच घ्या आणि पुढची बाजू पूर्ण उघडेल अशी करा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन थेट आत येत नाही. बसायला 2 इंच रुंद, कडा घासलेली आडवी पट्टी लावा. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी बाहेरून झाकण उघडेल अशी बसवा. पत्र्यावर पाचट टाका. पावसाळ्यात झडीच्या बाजूला गोणपाट सोडा, पण हवा कोंडू नका.

जाळीत कंजुषी नको. षट्कोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी घ्या आणि दाराला पक्की कडी लावा. आणि एवढे करूनही मानमोडीची लस चुकवू नका. तो रोग जाळीने अडत नाही.

एकदा मुंगूस शिरले तर तुम्ही म्हणाल, दहा कोंबड्या गेल्या. तिचा मात्र सारा व्यवहारच बुडतो. तेव्हा सुताराला बोलावण्याआधी तिला परसात उभी करा आणि विचारा, “दार कुठे हवे?”