चुलीचा पंखा आणि कुंभारीण



मागे एकदा आमच्या पेलेटच्या चुलीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तिची माहिती विचारली होती. आज त्याच चुलीच्या पंख्याची गोष्ट सांगते. थोडी दुरुस्तीची आहे आणि थोडी माझ्या चुकीची.

आमचं माजिवड्यातलं घर तळमजल्यावर आहे. मागे पत्रा घातलेली मोकळी जागा आहे, तिथे ही चूल असते. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, मूळच्या सांगलीकडच्या. दशलक्षणाचे दहा दिवस त्यांचं एकाशन असतं आणि त्या दहा दिवसांत गॅसवरचं काही घ्यायचं नाही हा त्यांचा स्वतःचा जुना नियम. पूर्वी आम्ही लाकडं आणायचो. पण लाकडात वाळवी, मुंग्या, भुंगेरे. कितीही आपटून-झाडून घेतलं तरी मन खात राही. पेलेट म्हणजे भुसा, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड असं दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. परातीत पसरून शोधून घेता येतात. म्हणून ही चूल घेतली.

तिच्यात पंखा का असतो, ते आधी सांगते. साध्या चुलीत लाकूड अर्धवट जळतं आणि उरलेलं धूर होऊन आपल्या डोळ्यांत जातं. या चुलीत खाली एक छोटा बॅटरीवरचा पंखा असतो. तो ढकलतो त्यातली थोडी हवा खालून कांड्यांमध्ये शिरते आणि त्यातून जळणारा वायू निघतो. बाकीची हवा वरच्या कड्याला असलेल्या बारीक भोकांतून येते आणि तो वायू पेटवते. म्हणून ज्योत निळसर, धूर जवळजवळ नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा चुलीवर काम झालं आणि 2006 पासून आपल्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ती घरोघरी विकली गेली. आमची त्यातली नाही, पण तत्त्व तेच. म्हणजे पंखा हा या चुलीचा श्वास. तो अडला की चूल गुदमरते.

गेल्या भाद्रपदात पंचमीला चूल छान पेटली. आषाढातल्या अष्टाह्निकेनंतर ती कोपऱ्यात पडून होती, तरी काही कुरकुर नाही. मी वरवर पुसली, कुंचा फिरवला आणि सूर्योदयानंतर गाळलेल्या पाण्याचं पातेलं चढवलं. तिसऱ्या दिवशी पातेल्याचं बूड काळं झालं. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाण्याला धुराचा वास येतोय." पाचव्या दिवशी पाणी उकळायला दुप्पट वेळ लागला आणि माझे डोळे चुरचुरायला लागले.

मी बी.कॉम. झालेली बाई. तेरीज जुळत नसेल तर सगळी वही खोडायची नाही, एकेक नोंद तपासत जायचं, हे कॉलेजात शिकले. तसंच केलं. आधी बॅटरी: रात्रभर चार्ज केली, फरक नाही. मग कांड्या: ठाण्याच्या पावसात त्या ओल धरतात. कोरडी कांडी मोडताना कट्‌ असा आवाज येतो, ओली हातात भुसभुशीत होते. नवी पिशवी फोडली, तरी धूर तसाच. मग वरच्या कड्याची भोकं: राखेने चार-पाच बुजली होती, सुईने मोकळी केली. जरासा फरक पडला, तेवढाच.

मिक्सर दुरुस्त करणारा मुलगा येऊन बघून गेला. "काकू, पंखा गेला, नवीन टाकू," म्हणाला. पण पंख्याचा आवाज येत होता, उलट जास्तच चढा येत होता. आवाज आहे आणि वारा नाही, म्हणजे पंखा गेलेला नसणार, त्याला हवाच मिळत नसणार. हायवेवरची आणि मेट्रोच्या कामाची धूळ आमच्याकडे रोज येते, जाळीत तीच बसली असेल असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी, सुगंधदशमीला, चूल थंड असताना पेटवण्याआधी पंखा सुरू केला आणि पातळ कागदाची पट्टी खालच्या जाळीशी धरली. हवा आत ओढली जात असेल तर कागद जाळीला चिकटतो. तो नुसता लोंबत राहिला. पंखा बंद करून बॅटरी काढली, चूल आडवी केली आणि टॉर्च मारला.

धूळ नव्हती. जाळीच्या मागे, हवेच्या वाटेवर, मातीची चार घरटी एकाला एक चिकटलेली होती. तीन वाळलेली, चौथं अजून ओलसर.

तेव्हा आठवलं. रोज दुपारी कपडे वाळत घालताना बारीक कंबरेची एक माशी तिथे घुटमळताना दिसायची, मी पदराने हाकलायची. ती कुंभारीण. सकाळी मी चूल पेटवत होते आणि दुपारी ती माती आणून आपलं घर लिंपत होती. म्हणून धूर रोज थोडा थोडा वाढत गेला.

हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. दोन मिनिटांचं काम होतं. आत सासूबाई माळ घेऊन पाण्याची वाट बघत होत्या.

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातली आरंभी हिंसा आपल्याला पूर्ण टळत नाही, ती आपण यत्नाने कमी करतो. पण टॉर्च मारून बघितल्यावर ते आरंभी राहत नाही. घरट्यात जीव आहे हे माहीत असताना हत्यार लावलं तर तो संकल्प होतो. आणि त्या दिवशी धर्म होता उत्तम संयम.

अवघड गोष्ट पुढेच आहे. कुंभारीण आपल्या पिल्लासाठी कोळी किंवा अळ्या डंख मारून लुळ्या करते आणि जिवंतच घरट्यात भरते. म्हणजे मी घरटं राखलं की त्या जिवांचं मरण राखलं. फोडलं की पिल्लाचं मरण. याचं नीट उत्तर मला तेव्हा सापडलं नाही, आजही नाही. एवढंच कळलं की माझा हात त्यात घालायचा नाही.

सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "चूल मांडायच्या आधी खालून शोधून घेतली होतीस?"

"नाही आई. वरून झाडली."

"पाणी गॅसवर ठेव," त्या म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून चतुर्दशीपर्यंत त्यांनी मीठ सोडलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नियम त्यांचा मोडला आणि आळस माझा होता. क्षमावाणीला पहिली क्षमा मी त्यांच्याकडे मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय मागतेस, पुढच्या वेळी टॉर्च आधी लाव."

चूल तशीच आडवी ठेवली. साधारण तीन आठवड्यांनी एका घरट्याला गोल भोक दिसलं, मग आणखी दोन. चौथं उघडलंच नाही. आणखी महिनाभर थांबले, मग हलक्या हाताने काढलं. आत सगळं वाळून गेलेलं होतं. जाळी कुंच्याने साफ केली, बॅटरी लावली, कागद धरला. टपकन चिकटला. नवा पंखा लागला नाही.

तुमच्याकडे अशी चूल असेल तर धूर दिसला की या क्रमाने बघा: बॅटरी, कांड्यांची ओल, वरची भोकं, मग कागदाची पट्टी. उघडायच्या आधी चूल पूर्ण थंड हवी आणि बॅटरी काढलेली हवी. चूल उघड्यावरच पेटवा, बंद खोलीत कधीच नाही. पडून असेल तेव्हा हवेच्या वाटेवर जुन्या पातळाचा तुकडा बांधा आणि पेटवण्याआधी आठवणीने सोडा. मी कॅलेंडरवर अष्टाह्निकेच्या आणि पंचमीच्या आदल्या दिवशी लाल पेनाने एकच शब्द लिहिते: टॉर्च.

पाणी गाळून जिवाणी परत सोडायला आपण कधी विसरत नाही. हवेच्या वाटेकडे मात्र माझं लक्षच गेलं नव्हतं.

जय जिनेंद्र.