वाट पाहण्याची यादी

वाट पाहणे हा सरकारी नोकराचा जन्माचा व्यवसाय आहे. आधी बदलीच्या हुकमाची वाट पाहावी, मग तो हुकूम रद्द होण्याची. नव्या गावी निवासस्थानाची, आणि निवासस्थान अंगवळणी पडले की पुढच्या बदलीची. रांची, भोपाळ, चेन्नई अशी वळणे घेत आम्ही गुवाहाटीस येऊन पोचलो. पण इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली ते आल्यावर मन हरखले, असे फारसे आठवत नाही. म्हणूनच सध्या आम्ही जी वाट पाहत आहोत तिचे आमचे आम्हालाच नवल वाटते. आम्ही सप्टेंबर महिन्याकडे डोळे लावून बसलो आहोत, आणि तेही कशासाठी, तर काही बँडवाल्यांसाठी!

बँड म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि वरातीतला घोडा उभा राहतो. बंगळूरला शिकणाऱ्या आमच्या कन्येच्या लेखी मात्र बँड म्हणजे अगदी निराळी जात. चार-पाच जणांनी एकत्र यावे, गीत स्वतः रचावे, चाल स्वतः बांधावी, ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा स्वतःच सोसावा, आणि सिनेमाच्या दारात तिष्ठत न राहता थेट श्रोत्यांपुढे जावे. अशा स्वतंत्र मंडळींना 'इंडी' म्हणतात, हे ज्ञान आम्हाला तिच्याकडूनच झाले. गेल्या महिन्यात तिचा रोमन लिपीतल्या मराठीत निरोप आला: "बाबा, सप्टेंबरात झिरोला येता का? तुम्ही तिकडेच आहात नाहीतरी." सोबत एक यादी होती.

झिरो हे अरुणाचल प्रदेशातील लोअर सुबनसिरी जिल्ह्याचे ठाणे. भोवती पाइनचे डोंगर आणि मध्ये आपातानी लोकांची भातखाचरे; त्याच खाचरांच्या पाण्यात ते मासेही पाळतात. बॉबी हानो हा तिथला तरुण आणि दिल्लीच्या 'मेनव्होपॉज' या बँडमधील अनुप कुट्टी, या दोघांनी 2012 साली येथे संगीत महोत्सव सुरू केला. रंगमंच बांबूचे असतात. दिवसाच्या रंगमंचाला आपातानी भाषेतले सूर्याचे नाव आहे, रात्रीच्या रंगमंचाला चंद्राचे. ही योजना ऐकली तेव्हाच आम्ही निम्मे राजी झालो होतो. पुण्यात 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर कुडकुडत, पहाटे भीमसेनअण्णा केव्हा बसतात याची आम्ही तरुणपणी वाट पाहिली आहे. सुखाने वाट पाहिल्याची आमची ती शेवटची आठवण!

यंदा झिरोला कोण कोण येणार हे अजून जाहीर व्हावयाचे आहे. तेव्हा कन्येची यादी ही निव्वळ इच्छांची यादी. परंतु ती वाचताना आम्ही चमकलो, कारण ती आमच्या बदल्यांच्या नकाशासारखी दिसत होती.

पहिले नाव 'इंडियन ओशन'. 1990 साली दिल्लीत जमलेली ही मंडळी. 2000 साली निघालेल्या त्यांच्या 'कांदिसा' या संग्रहाचे शीर्षकगीत अरामी भाषेत आहे. केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाची ती प्रार्थना. त्याच संग्रहात नर्मदेचेही एक गीत आहे. त्यांचे गायक राहुल राम नर्मदा आंदोलनात काम केलेले गृहस्थ. आम्ही भोपाळला असताना ही नर्मदा आमच्या टेबलावर रोज येत असे, परंतु फायलींच्या रूपाने. तिला गाणे असते, हे एकाही टिपणीत लिहिलेले नव्हते.

दुसरे नाव नागालँडच्या तेत्सेओ भगिनींचे. चौघी बहिणी आपल्या चोक्री बोलीतली 'ली' नावाची परंपरागत गीते गातात. साथीला 'ताती' हे एकतारी वाद्य. तिसरे नाव शिलाँगच्या 'सोलमेट'चे. रूडी वालांग यांची गिटार आणि टिप्रिती खरबंगार यांचा गळा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत या जोडीने 2003 पासून खासी डोंगरात नांदते केले. शिलाँगला आम्ही दौऱ्यावर कितीदा गेलो, पण कचेरीचे काम आटोपून संध्याकाळी परतलो. चौथा ताबा चाके, अरुणाचलचाच. न्यिशी, आसामी, हिंदी, इंग्रजी, चारी भाषांत गातो. 2019 साली निघालेल्या त्याच्या संग्रहाचे नाव मात्र 'बॉम्बे ड्रीम्स'. आम्ही मुंबई सोडून इकडे आलो आणि हा इकडून स्वप्ने घेऊन मुंबईस गेला!

या यादीने आम्हाला एका जुन्या गोष्टीची बोच लावली. हे लोक लहानशा बोली भांडवल म्हणून बाहेर घेऊन निघाले आहेत. आणि आम्ही? दर बदलीला फर्निचर सांभाळून नेले. मराठी मात्र नेताना थोडी थोडी सांडत गेली. कन्या आठवीत असताना रांचीला तिने गिटार मागितली होती. "आधी गणिताचे बघ," असे म्हणून आम्ही विषय मिटविला. तोवर ती स्वयंपाकघरात आईबरोबर ओव्या, भूपाळ्या, काय वाटेल ते गात असे. त्यानंतर आमच्यासमोर ती कधी गायली नाही. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. कचेरीत पत्राला उत्तर न देणे हेही एक उत्तरच असते. घरातही तसेच असते हे उशिरा कळले.

परवा सौभाग्यवतीकडून समजले की, कॉलेजातील तिघांबरोबर कन्येने स्वतःचा बँड काढला आहे आणि त्यात एक ओवी बसविली आहे. आईला ठाऊक, आम्हाला नाही.

आम्ही अर्जित रजेचा अर्ज टाकला आहे. इनर लाइनच्या परवान्याची चौकशी झाली आहे. सौभाग्यवतींनी शेंगदाण्याची चटणी किती न्यावी याचा विचार आतापासून आरंभिला आहे. राहता राहिली यादी. तिच्या शेवटी कन्येने पाचवा आकडा घालून जागा कोरी ठेवली आहे आणि लिहिले आहे: "ही बाबांच्या पसंतीची."

तीन दिवस आम्ही त्या कोऱ्या जागेपुढे बसलो होतो. अखेर काल रात्री देवनागरीत लिहिले: "तुझी मंडळी. यंदा नाही तर पुढे केव्हातरी. आम्ही वाट पाहू."

उत्तर अजून आलेले नाही. परंतु आता वाट पाहण्याचा आम्हाला कंटाळा येत नाही.