दादाचा ईएमआय, बाबांचं पासबुक

लग्न झालेली, कमावती मुलं अडचणीत आली, तर आई-बाबांनी किती द्यायचं? हा प्रश्न त्यांचा, असं आपल्याला वाटत असतं. आणि एक दिवस त्याचं उत्तर काढायला आपल्यालाच बसवलं जातं...

बाबा ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. ‘मीटिंगबिटिंग असेल’ म्हणून रात्री साडेआठलाच, तेही बातम्या संपल्यावर. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मधल्या एका मंगळवारी दुपारी पावणेचारला स्क्रीनवर ‘बाबा’ दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कॉफीचा मग तसाच डेस्कवर ठेवून पॅसेजमध्ये पळाले.

‘‘काय झालं? आई बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे की. तुला एक विचारायचं होतं. पोस्टातलं एक खातं मोडलं तर किती कापतात गं?’’

म्हणजे विषय दादाचा होता.

दादाला जूनमध्ये नारळ मिळाला होता. आयटीतली बारा वर्षांची नोकरी, एका शुक्रवारी एचआरबरोबर पंधरा मिनिटांचा कॉल, संपलं. पहिले तीन महिने त्याने सांगलीला कळूच दिलं नाही. गणपतीला गेला तेव्हा आईने चेहरा वाचला. आयांना कुठे लिंक्डइन लागतं?

आता थोडं बाबांच्या पासबुकाबद्दल. बाबा सांगलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते, तेहतीस वर्षं. पीएफबरोबरची जी पेन्शन मिळते ती महिन्याला २,७०० रुपये. हो, शून्य विसरलेले नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जे २० लाख उरले, ते त्यांनी मे २०२३ मध्ये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. दहा-दहा लाखांची दोन खाती. व्याज ८.२ टक्के. दर तीन महिन्यांनी ४१,००० रुपये जमा होतात. किराणा, लाइट बिल, आईच्या बीपीच्या गोळ्या, लग्नाकार्यातली पाकिटं, सगळं त्यात.

या योजनेत एका खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. काढायचे तर आख्खं खातं बंद करायचं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात. म्हणजे दहा लाखांवर १५,०००. मी बाबांना तेवढं सांगितलं. ‘‘पंधराच ना? मग काही फार नाही,’’ ते म्हणाले.

पण कापले जाणारे पंधरा हजार हा प्रश्नच नव्हता. दर तिमाहीचे साडेवीस हजार कायमचे बंद होणार होते.

‘‘बाबा, दिवाळीला येतेय ना मी. तोवर काही करू नका. मी बघते हिशोब.’’

‘‘बघ. तुला एक्सेल येतं,’’ बाबा म्हणाले आणि सुटल्यासारखा फोन ठेवला.

खरं सांगू?

मला काळजी वाटली, हे खरं. पण त्याच्या आधी राग आला, हेही तितकंच खरं. मी आणि नवरा अजून बाणेरला भाड्याच्या वन बीएचकेत. एक स्कूटर, एक सेकंडहँड कार. दादा-वहिनीचा पुनावळ्याला टू बीएचके, खाली नवीकोरी एसयूव्ही. पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन तिच्याबरोबर काढलेला फोटो मीच पहिल्यांदा लाइक केला होता. आम्ही अंथरूण पाहून पाय पसरले, ही काय आमची चूक झाली? आणि एक फारच वाईट विचार, जो मी नवऱ्यालाही सांगितला नाही : उद्या वाटणीच्या वेळी हे दहा लाख कुठे धरणार?

असा विचार आपल्या मनात येतो, हे कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

शनिवारी दादाला भेटले. घरी नको म्हणाला, म्हणून अमृततुल्यवर. मी लॅपटॉप उघडला नाही, आधी नुसतं ऐकलं. घर २०२१ मध्ये घेतलेलं. ४५ लाखांचं कर्ज, तेव्हा व्याज ६.७ टक्के, हप्ता ३४ हजार. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि कर्ज रेपोशी जोडलेलं असल्यामुळे दादाचं व्याज ९.२ वर गेलं. बँकेने मुदत वाढवून दिली असती, पण तेव्हा पगार जोरात होता. कर्ज लवकर फिटावं म्हणून याने हप्ताच वाढवून घेतला. साडेचाळीस हजार! त्यावर गाडीचे चौदा, घरखर्च अठ्ठावीस, पोराच्या शाळेचे महिन्याला सात. बेरीज साडेएकोणनव्वद. वहिनीचा पगार अडतीस. दर महिन्याला साडेएकावन्न हजारांचं भगदाड. सेव्हिंग्ज संपत आलेली.

‘‘आणि तुझा पीएफ?’’ मी विचारलं.

‘‘आहेत साडेसहा लाख. पण ते कसे काढू? रिटायरमेंटचे आहेत ते.’’

तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी जाऊन एक महिना झाला की पीएफमधले ७५ टक्के काढता येत होते. दादाला हे माहीत होतं. सगळ्यांना सल्ले देणारा माणूस तो.

‘‘दादा,’’ मी म्हटलं, ‘‘बाबांचेही रिटायरमेंटचेच आहेत.’’

तो काहीच बोलला नाही. चहाचा कागदी कप चुरगळत राहिला. मग म्हणाला, ‘‘मी मागितले नाहीत त्यांच्याकडे.’’ तेही खरंच होतं. त्याने मागितले नव्हते. पण नाहीही म्हणाला नव्हता.

निघताना वहिनीचा फोन आला. ती माझ्याशी कधी इतकं बोलत नाही. म्हणाली, ‘‘पैसे घ्यायला मला कमीपणा नाही वाटत गं. पण घेतले की पुढचं वर्षभर पिझ्झा मागवताना वाटणार, सांगलीला कळलं तर? माझ्या आईकडून एकदा घेतले होते, तेव्हा पडदे बदलले तरी खुलासा द्यावा लागला होता.’’

हे कुठल्या कॉलममध्ये टाकायचं, ते मला एक्सेलने सांगितलं नाही.

दिवाळीची बैठक

लक्ष्मीपूजनानंतरच्या दुपारी, फराळाचे डबे बाजूला सारून मी टेबलावर लॅपटॉप ठेवला. दादा-वहिनी भाऊबीजेला येणार होते, त्यामुळे आम्ही तिघंच. मी रीतसर प्रेझेंटेशन दिलं! गाडी विकून तिचं कर्ज फेडलं तर चौदा हजार वाचतात. बँकेकडून मुदत वाढवून घेतली तर हप्ता साडेचार हजारांनी उतरतो. ऑगस्ट २०२३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्या. वहिनी कर्जात सहअर्जदार आहे, तिचा पगार चालू आहे, बोलून बघता येईल. घरखर्च चोवीसवर आणला की भगदाड एकोणतीस हजारांचं राहतं. दादाचा पीएफ त्याला वर्षभर तरी पुरतो.

‘‘म्हणजे तुमच्या दहा लाखांची गरजच नाही,’’ मी विजयी मुद्रेने म्हटलं. वर कायदाही सांगितला. म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक आहे, २००७ चा कायदाच आहे तसा. धडधाकट, सज्ञान, लग्न झालेल्या मुलाचा संसार बापाने चालवावा, असं तो कायदा म्हणत नाही.

बाबा मान हलवत होते. आई करंज्यांचा डबा पुसत होती. डबा पुसून झाला तरी पुसत होती.

‘‘तुझं यात कुठं आहे?’’ तिने विचारलं.

‘‘माझं काय?’’

‘‘पिल्लू झालं तेव्हा मी पुण्याला आले. दोन वर्षं राहिले. ब्लाउजची गिऱ्हाईकं सोडली, ती परत आली नाहीत. मी काही बोलत नाही त्यावर. माझ्या पोरीचं घर, मी येणारच. पण मदत लिहायला बसलीयस, तर ती सगळी लिही की. नुसती दादाचीच का?’’

मी स्क्रीनकडे बघत बसले. तेव्हा आमच्या भागात पाळणाघराला महिन्याला साधारण बारा हजार पडायचे. चोवीस महिन्यांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. शिवाय आईचं शिवणकाम. शिवाय बाबा दोन वर्षं एकटे, डबा लावून जेवत होते. मी नोकरी सोडली नाही, माझं प्रमोशन हुकलं नाही, हे ‘आम्ही अंथरूण पाहून पाय पसरले’ या खात्यात मी खुशाल जमा करून टाकलं होतं. अंथरूण आईने घातलेलं होतं.

मग बाबा बोलले. इतका वेळ ते गप्प होते, पण ठरवून आले होते असं मला आता वाटतं.

‘‘पोस्टाला हात लावायचा नाही. ते मोडलं तर दोन वर्षांनी आम्ही तुमच्या दारात उभे राहणार. मग कुणी कुणाला मदत केली? पण काहीच द्यायचं नाही, हेही मला जमणार नाही. दवाखान्यासाठी ठेवलेली एक एफडी आहे, दोन लाखांची. त्यातले नव्वद हजार देतो. महिन्याला पंधरा, सहा महिने. एप्रिलला बंद.’’

‘‘नव्वदच का?’’

‘‘परत आले नाहीत तरी मला झोप लागेल, एवढेच आहेत ते.’’

मग आईकडे वळून म्हणाले, ‘‘आणि दिल्यावर विचारायचं नाही. पिझ्झा खाऊ दे नाहीतर पुरणपोळी.’’ वहिनीचं मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं!

पोराच्या शाळेचे सात हजार मार्चपर्यंत आम्ही देऊ, हे नवऱ्याशी फोनवर बोलून मी तिथेच सांगितलं. मोठेपणा म्हणून नाही. आईने तो डबा इतक्या वेळा पुसला होता, म्हणून.

भाऊबीज

गाडी विकायची, पीएफ काढायचा, हे बाबांनी दादाला सांगितलं नाही. फक्त स्वतःचा आकडा आणि शेवटची तारीख सांगितली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. माझी शीट मी दादाला मेल केली होती. त्यावर त्याने ‘थँक्स’ एवढंच लिहिलं होतं. हा ‘थँक्स’ कसा वाचायचा, ते लहान बहिणींना बरोबर कळतं.

ओवाळताना त्याने तबकात पाचशे एक रुपये ठेवले. दरवर्षी पाच हजार एक असायचे. क्षणभर वाटलं, म्हणावं ‘राहू दे रे या वर्षी.’ तोंडापर्यंत आलं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी नोट कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली. दादा हसला, बऱ्याच दिवसांनी.

गाडी नोव्हेंबरमध्ये विकली. पीएफ डिसेंबरमध्ये काढला, सगळा नाही. बँकेने दोन हेलपाटे घालायला लावले, पण मुदत वाढवली. मार्च २०२५ मध्ये दादाला नोकरी लागली, आधीपेक्षा बऱ्याच कमी पगारावर. फेब्रुवारीपासून रेपो दर उतरायला लागला होता, त्याचाही थोडा हातभार लागला. सगळं छान झालं, असं नाही म्हणणार मी. पुनावळ्याच्या पार्किंगमध्ये एसयूव्हीच्या जागी स्कूटर आली, आणि दादा अजूनही माझ्याशी पैशांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. बाबा एप्रिलमध्ये बरोबर थांबले. पंधरा तारखेला आईने आठवण करून दिली तर म्हणाले, ‘‘सहा झाले.’’

ऑफिसमध्ये लंच टाइमला हा विषय निघतो तेव्हा कुणी म्हणतं, आई-बाबांनी मुळीच देऊ नये, पोरं बिघडतात. कुणी म्हणतं, त्यांचं आहे ते शेवटी आपलंच ना! मला दोन्ही पटत नाहीत. देणाऱ्याच्या म्हातारपणाला धक्का न लावता जेवढं देता येतं, तेवढं द्यावं. आकडा आणि तारीख आधी सांगावी. आणि दिल्यावर पडद्यांची चौकशी करू नये. घेणाऱ्याने मात्र आधी स्वतःचे खिसे, ‘रिटायरमेंट’ लिहिलेला खिसासुद्धा, उलटे करून बघावेत.

ती एक्सेल शीट अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. खाली एक ओळ मी नंतर टाकली : ‘आई – पुणे – २४ महिने.’ रकमेचा रकाना अजून रिकामा आहे. दोन लाख अठ्ठ्याऐंशी टाकले होते, मग खोडले.

तुमच्या हिशोबात अशी एखादी ओळ राहून गेलीय का? भावंडांचा आकडा मोजायला बसण्याआधी एकदा बघून घ्या.